एकच बातमी दिवसभर: हे नक्की ठरवतं कोण?

कृष्णाकाठ

सरळच विचारते. न्यूज चॅनलवर एखादी बातमी आली की बाकीचं सगळं बाजूला सारून तीच दिवसभर, कधी दोन-तीन दिवस चालते, आणि दुसरी तितकीच किंवा त्याहून मोठी बातमी खालच्या पट्टीतून सरकत निघून जाते. हा निर्णय कोण घेतं आणि कशावर घेतं?

माझ्या डोक्यात आहे ऑगस्ट २०१९. आम्ही सांगलीचे. ५ ऑगस्टला राज्यसभेत ३७० चा प्रस्ताव आला, ६ ला रात्री सुषमा स्वराज गेल्या. दोन्ही बातम्या मोठ्याच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच दिवसांत आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून चढतच होतं, पुढे ५७ फुटांवर गेलं, कोल्हापूरला शिरोलीजवळ हायवे पाण्यात जाऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली, आणि दिल्लीच्या चॅनलवर आम्ही म्हणजे तळाची एक ओळ. दिल्लीतले नातेवाईक फोनवर विचारायचे, "तिकडे पाऊस बराच आहे का गं?" ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं बुडाली, मग तिकडचे कॅमेरे वळले. पाणी आधीपासून होतंच की.

मराठी चॅनलवर आधीपासून होतं हे मान्य, त्यांचे रिपोर्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पण मदत, पैसा, एनडीआरएफच्या तुकड्या हे सगळं जिथून हलतं तिथे कुठलं चॅनल बघतात?

इथे कुणी न्यूजरूममध्ये काम केलं असेल तर प्लीज सांगा.

पुणे३०

टीआरपी. विषय संपला.

चहाबाज

अहो एवढ्यात नका संपवू, मी आत्ताच खुर्ची ओढून बसलोय.

डेस्कवरचा

टीआरपी हे उत्तर चूक नाही पण अर्धं आहे. ते गुरुवारी कळायचं, आणि निर्णय तर पुढच्या पाच मिनिटांत घ्यायचा असतो. मी काही वर्षं एका मराठी चॅनलच्या आउटपुटला, म्हणजे पडद्यावर काय जाणार ते बघणाऱ्या विभागात होतो, तिथे काय चालायचं ते सांगतो.

बातमी पहिल्यांदा येते असाईनमेंट डेस्कवर. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या स्ट्रिंगरचे, म्हणजे स्थानिक बातमीदारांचे व्हॉट्सॲप ग्रुप, पीटीआय या वृत्तसंस्थेचा फ्लॅश, एएनआय या वृत्तसंस्थेची फीड, आणि समोर भिंतीवर ओळीने लावलेले बाकीच्या सगळ्या चॅनलचे टीव्ही. कुठूनही आली की आधी पट्टी चालवतात. मग तिथला जो कुणी असेल त्याचा फोनो, म्हणजे नुसता आवाज आणि स्क्रीनवर नकाशा. तोपर्यंत काही ठरलेलं नसतं. खरा प्रश्न त्यानंतर येतो, की चालू रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा ठरलेला क्रम, मोडायचा का? ब्रेक पुढे ढकलायचे का? हे शिफ्टचा प्रमुख, आउटपुट हेड आणि फोनवर संपादक असे तिघं मिळून ठरवतात, आणि बहुतेक वेळा उभ्या उभ्याच.

तेव्हा विचारलं काय जातं ते ऐका. चित्र आलंय का, आणि येत राहणार का? आपला माणूस तिथून किती लांब आहे, ओबी व्हॅन, म्हणजे लाईव्ह दाखवायची गाडी, कुठे आहे? समोरच्यांनी घेतलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे का? किती माणसं गेली, किती गावं बाधित, हा प्रश्न या सगळ्यांच्या नंतर येतो. कुणाचं मन दगडाचं असतं म्हणून नाही. तीन तास अँकरने बोलायचं तर स्क्रीनवर काहीतरी घडत राहावं लागतं. पूल पडून गेला असेल तर तो परत परत तोच पडलेला दाखवावा लागतो. माणूस आत अडकला असेल तर दर मिनिटाला विचारता येतं, निघाला का.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सुरू करायचं हे कुणीतरी ठरवतं, पण थांबवायचं हे कुणीच ठरवत नाही. भिंतीवरच्या सहा टीव्हींवर तीच बातमी असताना आपण पहिले सोडायचे आणि नेमकं त्याच मिनिटाला काही घडलं तर? या भीतीपोटी सहाच्या सहा चॅनल रात्रीपर्यंत एकाच बंद गेटसमोर उभे राहिलेले मी पाहिलेत.

चहाबाज

बंद गेट! आणि त्या गेटच्या वॉचमनला सहा बूम माइक घेऊन विचारतात साहेब केव्हा येणार. त्या बिचाऱ्याची बायको गावाला टीव्हीसमोर बसून सगळ्या आळीला बोलावत असणार.

थेम्सकाठ

डेस्कवरचा यांचं 'शेवट बाकी आहे का' अगदी पटलं. टीव्ही जिथे जिथे गेला तिथे हेच झालंय बघा.

१९४९ साली कॅलिफोर्नियात सॅन मरीनोला कॅथी फिस्कस नावाची तीन वर्षांची मुलगी जुन्या विहिरीच्या पाइपात पडली. केटीएलए या लॉस एंजेलिसच्या स्टेशनने तिथे कॅमेरे नेऊन सुमारे २७ तास सलग दाखवलं. तेव्हा घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हते, लोक दुकानांच्या काचांसमोर उभे राहून बघत होते. मुलगी वाचली नाही. १९८७ मध्ये टेक्सासात मिडलंडला जेसिका मॅक्लूर, दीड वर्षाची, ५८ तास विहिरीत, ती वाचली. सीएनएन तेव्हा सात वर्षांचं चॅनल होतं, चोवीस तास बातम्या कशासाठी हव्यात हे अमेरिकेतल्या पुष्कळ लोकांना तेव्हा कळलं. आणि आपल्याकडे जुलै २००६, कुरुक्षेत्र जिल्ह्यातलं हल्दाहेडी, पाच वर्षांचा प्रिन्स, साधारण ५० तास. लष्कराने शेजारच्या विहिरीतून आडवा बोगदा काढून त्याला बाहेर काढलं. तिन्ही वेळा एक मूल, एक खड्डा, आणि शेवट माहीत नाही.

इकडे जून २०२३ मध्ये फार वाईट वाटलं होतं. १४ जूनला ग्रीसजवळ पायलोसच्या समुद्रात एक मासेमारीची बोट बुडाली. पाकिस्तान, सीरिया, इजिप्तमधली शेकडो माणसं त्या बोटीवर होती आणि बहुतेक सगळी गेली. चारच दिवसांनी टायटॅनिक बघायला गेलेली पाणबुडी हरवली. आत पाच माणसं, ९६ तासांचा ऑक्सिजन. सगळा आठवडा चॅनलवर पाणबुडी, ऑक्सिजन किती तास उरला याची मोजणी. बोटीची बातमी आली तेव्हाच तिचा शेवट झालेला होता. पाणबुडीवर श्रीमंत माणसं होती हे कारण आहेच, ते मी नाकारत नाही. पण ते घड्याळ नसतं तर इतकं चाललं नसतं असं मला वाटतं.

वऱ्हाडी_माणूस

शेवट बाकी आहे का म्हणे. आमच्याकडे काय शेवट झाला होता का? कापसाच्या पट्ट्यात शेतकरी एकेक करून मरते, आज इथं, परवा तिथं. रोजच मरते म्हणून ते ब्रेकिंग नाई. २००६ सालचं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय, मुंबईत फॅशन वीकला ५१२ पत्रकार पास घेऊन हजर होते, तिथं थीम होती कापसाची, अन् तो कापूस पिकवणारे विमानाने तासाभरावर विदर्भात जीव देत होते. तिथं बाहेरून आलेले पत्रकार बोटावर मोजण्याइतके.

त्याच साली २९ सप्टेंबरला खैरलांजी झालं. भंडारा जिल्ह्यातलं गाव, भोतमांगे या दलित कुटुंबातले चार जण मारले गेले. चॅनलवाले केव्हा आले? पोरं रस्त्यावर उतरली, नागपूरपासून मुंबईपर्यंत मोर्चे निघाले, तेव्हा, महिन्याभराच्या वर. प्रिन्सला तीनच महिने झाले होते तेव्हा. देश ५० तास जागला होता त्या लेकरासाठी, बरंच झालं, वाचलं ते. पण हे पण माणसंच होते ना. इथं खड्डा नव्हता म्हणून कॅमेरा नाई, का आणखी काही कारण हाये? डेस्कवरच्यांनी सांगावं. तुमच्या त्या पाच प्रश्नांत जात कुठं येते?

डेस्कवरचा

@वऱ्हाडी_माणूस, येते, आणि ती विचारावी लागत नाही म्हणूनच जास्त येते. "आपला माणूस तिथून किती लांब" हा प्रश्न नुसत्या किलोमीटरचा नाही. न्यूजरूममध्ये बसलेल्यांचे नातेवाईक, मित्र, वर्गमित्र ज्या वस्तीत राहतात तिथली बातमी लगेच खरी वाटते, तिथे फोन लावायला नंबर असतात. खैरलांजीसारख्या गावातल्या दलित वस्तीचा नंबर डेस्कवर कुणाकडेच नसतो. मग पहिली माहिती पोलिसांकडून येते, ती पोलिस सांगतील तशी येते, आणि "गावातलं जुनं भांडण" म्हणून दोन ओळींत मिटते. मी होतो तिथे निर्णय घेणाऱ्या खोलीत कोण कोण होतं हे आज आठवलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सगळे आमच्यासारखेच होते.

मोजपट्टी

मी जाहिरातीच्या बाजूला काम करते, टीआरपीवर थोडं लिहिते, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे मीटर देशात पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत आहेत आणि टीव्ही असलेली घरं २० कोटींच्या वर. करमणुकीच्या मोठ्या चॅनलला हा नमुना पुरतो. पण मराठी बातम्या, त्यातही एखाद्या तासाचा आकडा काढायला गेलात की थोडक्या घरांनी चॅनल बदललं तरी क्रमांक वरखाली होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण काढल्यावर बातम्यांचे आकडे बंद केले होते ते मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले, आणि तेही दर आठवड्याचे सुटे नाही तर चार आठवड्यांची सरासरी. हेतू हाच होता की एका दिवसाच्या आरडाओरड्याने आकडा हलू नये.

आता गंमत बघा. मधलं जवळपास दीड वर्ष आकडेच येत नव्हते. तेव्हा चॅनल शांत झाले का? ऑक्टोबर २०२१ मधलं क्रूझवरचं प्रकरण आठवा, एका नटाचा मुलगा आत आणि जेलच्या गेटवर कॅमेऱ्यांची रांग. टीआरपी नसतानासुद्धा तेच. म्हणून मी डेस्कवरचा यांच्या बाजूने आहे, आकड्यापेक्षा एकमेकांच्या भिंतीकडे बघून जास्त ठरतं. आणि रोख पैशाचा हिशोब वेगळाच आहे. रिपोर्टर, ओबी, हॉटेल, डिझेल हा खर्च एकदा एका जागी केला की ती जागा पिळून काढल्याशिवाय कुणी परत फिरत नाही.

पुणे३०

म्हणजे टीआरपी नाही तर टीआरपीची सवय. चालेल, सुधारणा मान्य.

घाटाखालचा

मी रायगडात स्ट्रिंगर आहे. स्ट्रिंगर म्हणजे पगार नाही, बातमी लागली तर त्या बातमीचे पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. म्हणून मला जे दिसतं ते लिहितो.

बातमी दिवसभर चालणार की नाही हे आमच्याकडे पुष्कळदा रस्ता आणि रेंज ठरवते. लाईव्ह यूची बॅग असते पाठीला, तिच्यात चार-सहा सिम असतात, सगळ्यांची रेंज एकत्र करून चित्र पाठवते. रेंजच नसली की ती नुसतं ओझं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घुसलं, चिपळूण मोठं गाव, बाजारपेठ, हायवे, सगळ्यांचं लक्ष तिकडे. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. महाडलाच पाणी, रस्ते बंद, फोन बंद. तळियेची बातमी जगाला दुसऱ्या दिवशी कळली. ऐंशीच्या वर माणसं गेली तिथे.

माळीण आठवत असेल, ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. तिथे बातमी पहिल्यांदा कुणी दिली तर एसटीच्या ड्रायव्हरने. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन गेला तर गावच दिसेना. ना रिपोर्टर, ना एजन्सी.

उलट इर्शाळवाडी बघा. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. वाडीला गाडीरस्ता नाही, डोंगर चढून जायचं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे चॅनल. का? खालापूर तालुका, मुंबई-पुण्याच्या मधोमध, पायथ्याला रेंज, आणि मुख्यमंत्री स्वतः चढून गेले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवला. शोध थांबला त्या दिवशी कॅमेरे पण उतरले. नंतर वाचलेले लोक कंटेनरच्या घरांत राहिले, त्यांच्या बातम्या मी पाठवल्या, थोड्या लागल्या. डेस्कवरून उत्तर यायचं, "छान आहे, बघतो." हे 'बघतो' ऐकून वाडीतल्या लोकांना काय सांगायचं हा प्रश्न माझ्यावर येतो, डेस्कवर नाही येत.

कृष्णाकाठ

घाटाखालचा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. लिहीत राहा.

स्पष्ट_बोलते

मी थोडं उलट बोलते. सगळे जण असं लिहिताय की दिवसभर एकच बातमी म्हणजे वाईटच. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. रोज कॅमेरे तिथे होते म्हणून रोज कुणा ना कुणाला उत्तर द्यावं लागत होतं, आज मशीन का बंद, पाइप किती मीटर गेला. शेवटी रॅट होल मायनर्सनी हाताने खणून रस्ता काढला, त्या साध्या कामगारांचे चेहरे देशाने पाहिले. हे चॅनलमुळे झालं. प्रिन्सनंतर बोअरवेलचा विषय लोकांच्या तोंडी आला, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने उघड्या बोअरवेलबाबत नियम घालून दिले. पाळले जात नाहीत हा दोष चॅनलचा नाही.

आणि माझं स्पष्ट मत, आपण बघतो म्हणून ते दाखवतात. इथले किती जण तळियेवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम चॅनल न बदलता बघतील?

थेम्सकाठ

बघितला असता की, पण कुणी दाखवला तर. आधी दाखवायचं नाही आणि मग म्हणायचं लोकांना नको आहे, हे पटत नाही.

शिलाँगची_सून

सिलक्याराचं उदाहरण निघालं म्हणून लिहिते, कारण माझा पोटात दुखणारा विषय आहे. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे मेघालयात होतो.

२०१८ च्या जून-जुलैमध्ये थायलंडच्या गुहेत १२ मुलं आणि त्यांचे कोच अडकले. आपल्या चॅनलवर गुहेचे नकाशे, पाण्याची पातळी, डायव्हर्स, सगळं तासन्‌तास. चांगलंच होतं, मुलं सुखरूप आली. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयात पूर्व जैंतिया हिल्समध्ये क्सानला कोळशाच्या खाणीत पाणी शिरून १५ मजूर आत अडकले. आपल्या देशात. कितीतरी दिवस त्याची धड बातमीच नव्हती. लोकच सोशल मीडियावर विचारायला लागले की थायलंडच्या मुलांसाठी जागलात, हे कोण तुमचे?

आणि कृष्णाकाठ, तुम्हाला सांगते, थायलंडला पाणी उपसायला मदत करायला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती हे जुलैत सगळीकडे अभिमानाने दाखवलं. क्सानला त्याच किर्लोस्करचे पंप डिसेंबरच्या शेवटी निघाले. तेव्हा मजूर आत जाऊन दोन आठवडे होत आले होते. कॅमेरे तिथे पहिल्या दिवसापासून असते तर पंप लवकर निघाले असते, असं मला अजून वाटतं. म्हणून मी स्पष्ट_बोलते यांच्याशी सहमतच आहे, कॅमेऱ्याने फरक पडतो. म्हणून तर तो कुठे जातो याचा एवढा राग येतो.

कृष्णाकाठ

किर्लोस्करवाडी आमच्या पलूस तालुक्यात, आणि ब्रह्मनाळपण पलूस तालुक्यातच. वाचून सुन्न झाले.

लांबचा_प्रवास

ईशान्येचा विषय निघालाच आहे तर जून २०२२ विसरू नका. शिंदे गटाचे आमदार सुरतहून गुवाहाटीला गेले आणि आपले सगळे चॅनल त्या हॉटेलबाहेर. काय झाडी काय डोंगार घराघरात पोचलं. त्याच आठवड्यात आसाममध्ये पूर होता, सिलचर शहर पाण्याखाली, राज्यात पन्नास लाखांच्या वर लोक बाधित. आपले रिपोर्टर आसाममध्येच होते! लांब होतो हे कारणसुद्धा देता येत नाही. कॅमेरा पूरग्रस्त राज्यात उभा आणि तोंड हॉटेलच्या दाराकडे.

मणिपूरचं तर त्याहून भयंकर. ३ मे २०२३ पासून हिंसा चालू, इंटरनेट बंद. ४ मेला महिलांची नग्न धिंड काढली त्याचा व्हिडिओ १९ जुलैला बाहेर आला, तेव्हा देश हादरला. अडीच महिने घटना होती, चित्र नव्हतं.

चहाबाज

१९ जुलै. म्हणजे ज्या रात्री इर्शाळवाडी झाली तीच तारीख. दोन्ही बातम्या दुसऱ्या दिवशी एकमेकींना ढकलत होत्या, मला आठवतंय, स्क्रीनचे दोन भाग केले होते.

गोदाघाट

कॅमेरा कुठे उभा आहे यापेक्षा त्याचं तोंड कुठे आहे ते महत्त्वाचं, हे लांबचा_प्रवास यांचं बरोबर आहे. आमच्या नाशिकहून मार्च २०१८ ला शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, बहुतेक आदिवासी शेतकरी, वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी. सुमारे १८० किलोमीटर पायी. नाशिकमध्ये निघताना स्थानिक पत्रकार होते, दिल्लीच्या चॅनलवर जवळजवळ काहीच नाही. कसारा घाटातून उतरताना लाल टोप्यांची रांग वरून काढलेली दिसली आणि मग चित्र फिरलं. मुंबईत आल्यावर दहावीच्या परीक्षेची पोरं अडकू नयेत म्हणून ते लोक रात्रीतून चालत आझाद मैदानावर गेले, तेव्हा मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. सोलून निघालेले पाय सगळ्यांनी मुंबईत बघितले, पण ते सोलले कुठे तर इगतपुरी-शहापूरच्या रस्त्यावर.

कुलाबा_ते_कांदिवली

२६/११ चं कुणी काढलं नाही अजून. तिथे तर चॅनलने न दाखवणं हाच योग्य निर्णय होता आणि तो कुणी घेतला नाही. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना लाईव्ह. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात यावर फार कडक शब्दांत लिहिलंय. मग २०१५ मध्ये केबलच्या नियमात बदल झाला, अशी कारवाई चालू असताना लाईव्ह नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच. सात वर्षं लागली.

आणि २६ जुलै २००५ ला काय झालं तेही सांगतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय हे कळतच नव्हतं. तेव्हा चोवीस तास बातम्यांचं मराठी चॅनल एकही नव्हतं, ती २००७ पासून आली. त्या रात्री कुठली लाईन बंद, कुठे पाणी हे कुणी दर पंधरा मिनिटांनी सांगितलं असतं तर माणसं घराबाहेर पडली नसती. दिवसभर एकच बातमी चालवायला हवी होती अशी ती रात्र होती.

सेवानिवृत्त_मास्तर

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३, मी लातूर जिल्ह्यात शिक्षक होतो. आदल्या रात्री विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. बातमी रेडिओवर. संध्याकाळी दूरदर्शनवर बातम्या, तेवढीच वेळ, तेवढ्यात राज्य, देश, क्रीडा, हवामान सगळं बसवायचं. तेव्हा वाद असायचा तो कुठली बातमी पहिली यावर. सलग दाखवायचं हा विचारच नव्हता. तरीसुद्धा मदत आली, ट्रकच्या ट्रक आले, कारण वर्तमानपत्रं रोज लिहीत राहिली, महिनोन्‌महिने. घाटाखालचा यांनी कंटेनरमधल्या लोकांचं लिहिलं ते वाचून हा फरक जाणवला. आमच्याकडे घरं परत बांधून होईपर्यंत कुणी ना कुणी पत्रकार येत होता.

कृष्णाकाठ

इतकं सगळं वाचून माझ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळालं. एक माणूस ठरवत नाही, चित्र, रस्ता, शेजारच्या चॅनलची भीती आणि खोलीत बसलेल्यांची ओळखपाळख हे मिळून ठरवतं. आता पुढचं विचारते. आमच्यासारख्या गावातल्या माणसाने काय करावं? पावसाळा दर वर्षी येणार आहे, आणि २०२१ ला पाणी परत आलंच होतं.

घाटाखालचा

ताई, चार गोष्टी. व्हिडिओ फोन आडवा धरून काढा. काढताना तोंडाने गावाचं नाव, तारीख, वेळ बोला, नाहीतर डेस्क म्हणतं जुना आहे आणि फेकून देतं. पुलाचा खांब, देवळाची पायरी असं काहीतरी फ्रेममध्ये ठेवा आणि दर तासाला त्याच जागेवरून काढा, पाणी चढताना दिसलं की डेस्कला नाही म्हणता येत नाही. आणि तालुक्याच्या स्ट्रिंगरचा नंबर पाणी येण्याआधी घेऊन ठेवा. पाण्यात उतरून मात्र काहीही काढू नका.

वऱ्हाडी_माणूस

पाणी चढते ते समजलं. पाणी नसल्याचा व्हिडिओ कसा काढाचा तेही सांगा. आमची विहीर कालपण कोरडी होती, आजपण कोरडीच हाये. तासातासाला काय दाखवू?

मोजपट्टी

याला खरंच काय उत्तर आहे?

कृष्णाकाठ

लातूर २०१६ आठवा. दुष्काळ त्याआधी कितीतरी महिने होता, टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, १२ तारखेला लातूरला पोचली, आणि देशभरचे चॅनल त्या गाडीबरोबर. मिरज स्टेशनवर आम्ही बघायला गेलो होतो.

डेस्कवरचा

@वऱ्हाडी_माणूस, विहिरीला हलणारं काही नसतं पण टँकरला असतं. टँकर किती वाजता यायला हवा होता, किती वाजता आला, किती घरांना पुरला, हे रोज त्याच जागेवरून एका मिनिटाचं काढा आणि वहीत लिहा. डेस्कला एक दिवसाची कोरडी विहीर विकता येत नाही, पण सलग तीस दिवसांचा टँकर हातात आला तर त्याची मालिका करता येते, आणि मालिका लागली की तिच्यासाठी रिपोर्टर पाठवावा लागतो. माझ्या ओळखीचे दोघं अजून डेस्कवर आहेत, दोन वेगवेगळ्या चॅनलमध्ये. एप्रिलची वाट नका बघू, जानेवारीपासून काढा. गाव कुठलं?

वऱ्हाडी_माणूस

यवतमाळ जिल्हा, कळंब तालुका. गावाचं नाव अन् माझा नंबर मेसेज करतो. वही पोरीला करायला लावतो, तिचं अक्षर चांगलं हाये.